अजिंठा-वेरूळ पाहताना फोन बाजूला कसा ठेवावा

प्रवासात मोबाइल कमी वापरावा, हा सल्ला सगळेच देतात आणि तो सगळ्यांना पटतोही. प्रत्यक्ष सहलीत मात्र तो पाळला जात नाही, कारण तिकीट, पैसे, रस्ता, गाडीचालकाचा नंबर, घड्याळ आणि फोटो या साऱ्या गरजा त्या एकाच यंत्रात येऊन बसलेल्या असतात. अशा वेळी नुसत्या निग्रहाचा फारसा उपयोग होत नाही. फोन ज्या ज्या कामासाठी हातात येतो त्या प्रत्येक कामाची दुसरी सोय आधीच करून ठेवली, तरच तो पिशवीत राहतो. ही सोय कशी करावी हे मी एका विशिष्ट सहलीच्या आधारे सांगणार आहे. ती सहल म्हणजे अजिंठा आणि वेरूळ, निवांतपणे, तीन दिवसांची. ही निवड मुद्दाम केली आहे, कारण अजिंठ्याची चित्रे अंधारात आहेत आणि फोनमुळे आपण नेमके काय गमावतो, हे त्या अंधारात अगदी स्वच्छ कळते.

डोळ्यांना वेळ का द्यावा लागतो

भर उन्हातून आपण लेणे क्रमांक १ मध्ये शिरतो तेव्हा पहिल्या मिनिटाला भिंतीवर तपकिरी, काळपट डागांखेरीज फारसे काही दिसत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या लवकर मोठ्या होतात, पण दृष्टिपटलावरच्या पेशींना अंधाराशी जुळवून घ्यायला बराच अधिक वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साधारण ८ ते १० मिनिटांत स्थिरावतात, तर अगदी मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण क्षमतेने काम करू लागायला २० ते ३० मिनिटे लागतात. या काळात फोनचा उजळ पडदा एकदा जरी डोळ्यांसमोर आला, तरी जमत आलेले बरेचसे काम वाया जाते आणि डोळ्यांना पुन्हा मागे जाऊन सुरुवात करावी लागते. लेण्यात शिरताच फोन उंचावून फोटो काढणारा आणि मग पडद्यावर तो फोटो नीट आला का हे पाहणारा पर्यटक भिंतीकडे परत वळतो, तेव्हा त्याला खरोखरच कमी दिसत असते. त्याला चित्रांत रस नाही असे मुळीच नसते. त्याच्या डोळ्यांना संधीच मिळालेली नसते.

जो थांबतो त्याला मात्र चित्र हळूहळू दिसू लागते. लेणे क्रमांक १ मध्ये गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचा पुण्यपुरुष), आहे. सुरुवातीला त्याचा फक्त मुकुट आणि चेहऱ्याची फिकट कड जाणवते. मग झुकलेली मान दिसते, अर्धवट मिटलेल्या पापण्या दिसतात आणि उजव्या हातात अलगद धरलेले निळे कमळ दिसते. त्यानंतर गळ्यातली मोत्यांची माळ वेगळी होते आणि देह तीन ठिकाणी वळलेला आहे हे ध्यानात येते. आणखी काही मिनिटे तिथेच उभे राहिल्यास मागचे खडक सुटे होतात आणि त्या खडकांत माकडे आणि मोर आहेत असे लक्षात येते. दाराच्या उजव्या बाजूचा बोधिसत्त्व त्यानंतर पाहावा. हे सगळे त्या भिंतीवर पंधराशे वर्षांपासून आहे. आपण तिथे किती वेळ देतो, यावर आपल्या वाट्याला त्यातले किती येते हे ठरते.

हा भाग सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, फोन बाजूला ठेवण्याचा नियम घरातल्या मंडळींना, विशेषतः तरुण मुलांना, सांगताना केवळ शिस्त म्हणून सांगितला तर तो टिकत नाही. डोळ्यांचे हे साधे शास्त्र आदल्या रात्री समजावून सांगितले, तर तीच मुले दुसऱ्या दिवशी मोठ्यांना फोन काढू देत नाहीत.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट म्हणजे दिवस नीट निवडावेत. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे, वेरूळ सुमारे ३०, आणि दोन्हीच्या दिशा वेगळ्या आहेत. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा बेत आखला की दिवसभर घड्याळाकडे, नकाशाकडे आणि गाडीचालकाच्या फोनकडेच लक्ष लागून राहते. घाई हे फोन हातात राहण्याचे एक मोठे कारण आहे, म्हणून अजिंठ्याला एक पूर्ण दिवस आणि वेरूळला एक पूर्ण दिवस द्यावा. रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव अधिक जवळ पडते. तिथून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर आहे. शक्य असेल तर आदल्या रात्री लेण्यांजवळच्या फर्दापूरला मुक्काम करावा. तिथे पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाची सोय आहे आणि सकाळी लेणी उघडताच आत जाता येते. पहिल्या तासात गर्दी कमी असते, आणि गर्दी कमी असली की निवांत उभे राहता येते.

दुसरी तयारी कागदाची. तिकीट ऑनलाइन काढले असेल तर त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि फोन, गाडीचालकाचा नंबर, सोबत आलेल्या सगळ्यांचे नंबर आणि घरच्या एका माणसाचा नंबर लिहावा आणि तो कागद प्रत्येकाच्या खिशात असावा. आज आपल्यापैकी बहुतेकांना स्वतःच्या नवऱ्याचा किंवा बायकोचाही नंबर पाठ नसतो. फोन बंद ठेवण्याची जी भीती वाटते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा एवढीच गोष्ट असते. कागद खिशात असला की ती भीती बरीच ओसरते.

तिसरी तयारी पैशांची. चहा, पाणी, फर्दापूरहून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या एसटीचे तिकीट, वाटाड्याचे मानधन आणि डोलीवाल्यांचे पैसे यांसाठी दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा वेगळ्या काढून ठेवाव्यात. क्यूआर कोड स्कॅन करण्यासाठी काढलेला फोन तेवढ्याच कामानंतर परत पिशवीत जात नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पैसे दिल्यावर एखादा संदेश दिसतो, तो उघडला जातो, आणि पाच मिनिटांनी आपण रांगेत पुढे सरकायचेच विसरलेले असतो.

चौथी गोष्ट मनगटी घड्याळ. वेळ पाहण्यासाठी फोन काढायची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की त्यावर दुसरा इलाज नाही. घड्याळ साधे असावे. संदेश आला की मनगटावर थरथरणारे घड्याळ घालून फोन पिशवीत ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

फोनमधली तयारीही थोडी करावी लागते. सगळ्या रस्त्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा, कारण दरीत नेटवर्कचा भरवसा धरू नये. सर्व ग्रुप आठवडाभरासाठी म्यूट करावेत. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ज्यांचा फोन खरोखरच लागायला हवा अशा दोन-तीन माणसांनाच मोकळीक द्यावी; ही सोय बहुतेक सर्व फोनमध्ये असते आणि घरी वृद्ध आई-वडील असणाऱ्यांचा जीव तिच्यामुळे शांत राहतो. कार्यालयात आणि घरी आधीच सांगून ठेवावे की, अमुक दिवशी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत फोन बंद असेल आणि त्यानंतर मी स्वतः फोन करीन. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. नुसते ‘फोन बंद असेल’ असे कळवले तर घरचे काळजी करत बसतात. ‘तीननंतर मी फोन करीन’ असे सांगितले तर ते तीनपर्यंत निर्धास्त असतात.

एका गटाला एकच चालू फोन

सगळ्यांनी फोन पूर्ण बंद ठेवावेत, असा आग्रह मी धरत नाही. सोबत वयस्कर माणसे असतात, लहान मुले असतात, पायऱ्या चढायच्या असतात आणि गाडीचालक खाली थांबलेला असतो. म्हणून चार-सहा जणांच्या गटात एक फोन चालू असावा आणि तो कोणाकडे असेल हे आधी ठरवावे. सकाळच्या वेळात एकाने, दुपारनंतर दुसऱ्याने, अशी पाळी लावली तर कोणा एकावर अन्याय होत नाही. ज्याची पाळी असेल त्याने फोन आवाजावर ठेवावा, पण पडदा पाहू नये. वाजला तर लेण्याबाहेर येऊन बोलावे. बाकीच्यांनी आपले फोन पूर्ण बंद करून पिशवीच्या तळाशी, चेन असलेल्या कप्प्यात ठेवावेत. पँटच्या खिशातला म्यूट केलेला फोन हा बंद फोन नव्हे. हात आपोआप तिकडे जातो, आणि तो जातो तेव्हा आपल्याला कळतही नाही. पॉवर बँक मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवून यावी. ती नसली की बॅटरी जपून वापरली जाते आणि मोह आपोआप कमी होतो.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी थांबते आणि तिथून पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. फोन बंद करण्यासाठी ही जागा उत्तम आहे, कारण गाडीचालकाचा निरोप इथेच घ्यायचा असतो आणि परतीची वेळही इथेच ठरवायची असते. चालकाशी ‘फोन करतो’ असे बोलू नये. ‘साडेतीनला इथेच भेटू, उशीर झाला तर चारपर्यंत थांबा’ असे स्पष्ट ठरवावे. आपल्या आईवडिलांच्या पिढीने सारे प्रवास अशाच बोलीवर केले आहेत आणि ते व्यवस्थित पार पडले आहेत.

लेण्यात कसे पाहावे

अजिंठ्यात तीस लेणी आहेत. ती सगळी पाहिलीच पाहिजेत, हा हट्ट सोडावा. माझ्या मते पहिल्या भेटीत १, २, १०, १६, १७, १९ आणि २६ ही लेणी नीट पाहावीत आणि बाकीची जाता-येता पाहिली तरी चालतील. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही चार लेणी मुख्य आहेत. गर्दीच्या दिवशी चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात आणि फार वेळ थांबूही देत नाहीत, म्हणून जो काही वेळ मिळेल त्यातले एकही मिनिट पडद्यावर खर्च होऊ नये.

पादत्राणे काढून आत गेल्यावर लगेच चित्राकडे धावू नये. दाराजवळच, मात्र बाहेरच्या उजेडाकडे पाठ करून, थोडा वेळ उभे राहावे. या वेळात छताकडे पाहावे. लेणे क्रमांक १ चे छत चौकोनांत विभागलेले आहे आणि त्यांत फळे, फुले, पक्षी, प्राणी रंगवलेले आहेत. तिथेच एका खांबाच्या शीर्षावर चार हरणे आहेत आणि त्या चौघांना मिळून डोके एकच आहे. कोणत्याही हरणाकडे पाहिले तरी ते डोके त्याचेच वाटते. लहान मुलांना हे हरीण शोधायला सांगावे. ते सापडेपर्यंत त्यांचेच नव्हे तर मोठ्यांचेही डोळे अंधाराला सरावलेले असतात.

आत वाचण्यासाठी फोन लागू नये, म्हणून गोष्टी आदल्या रात्री सांगून ठेवाव्यात. हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. लेणे क्रमांक १७ मध्ये जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, भरभरून आहेत: मागेल त्याला सर्वस्व देऊन टाकणारा राजपुत्र विश्वंतर, सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती, समुद्रापलीकडे गेलेला व्यापारी सिंहल. भिंतीवर हे प्रसंग पुस्तकाच्या पानांसारखे एकामागून एक येत नाहीत. अनेकदा एकाच राजवाड्यात घडणारे वेगवेगळ्या वेळचे प्रसंग शेजारीशेजारी असतात आणि अरण्यातले प्रसंग दुसरीकडे. गोष्ट ठाऊक नसली की माणूस गोंधळतो आणि फोनवर शोधू लागतो. ठाऊक असली की तो भिंतीवर हत्ती शोधतो, मग त्याचे सुळे शोधतो आणि मग त्या सुळ्यांकडे पाहणाऱ्या राणीपर्यंत स्वतःच पोहोचतो. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री जेवण झाल्यावर घरातल्या आजीने किंवा आजोबांनी या कथा सांगितल्या, तर ती रात्रही फोनशिवाय जाते.

अधिकृत वाटाड्या घेणेही फायद्याचे आहे. व्हिडिओ पाहून आलेल्या माहितीपेक्षा समोर उभा असलेला माणूस अधिक उपयोगी ठरतो, कारण आपण कुठे पाहत आहोत हे त्याला दिसते आणि त्याला प्रश्न विचारता येतो. त्याला सुरुवातीलाच सांगावे की आम्हाला कमी लेणी पाहायची आहेत आणि जास्त वेळ थांबायचे आहे. बहुतेक वाटाडे हे ऐकून खूश होतात.

फोटोंचे काय करावे

फोटो अजिबात काढू नयेत, असे मी म्हणणार नाही. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे आणि ती अत्यंत योग्य आहे. ही चित्रे माती, भुसा आणि तंतू मिसळलेल्या लेपावर, त्या लेपाला दिलेल्या पांढऱ्या थरावर काढलेली आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती असे स्थानिक रंग त्यांत आहेत, आणि निळ्या रंगासाठी लाजवर्द हा दगड दूर अफगाणिस्तानच्या बाजूने आणलेला आहे. तीव्र प्रकाशाने रंगांची हानी होते, आणि रोज येणाऱ्या माणसांनी एकेक फ्लॅश जरी उडवला तरी त्याचा एकत्रित परिणाम मोठा होतो. फोनचा टॉर्च चित्रावर धरणे हेही त्याच मनाईत मोडते, असेच समजावे. चित्रापासून दूर, पायाखालची पायरी पाहण्यासाठी उजेड लागलाच तर तो जमिनीकडे धरावा.

आत काढलेला फ्लॅशशिवायचा फोटो बहुधा धूसर येतो आणि त्याहून कितीतरी चांगली छायाचित्रे पुस्तकांत आणि पुरातत्त्व खात्याच्या प्रकाशनांत मिळतात. म्हणून चित्रांच्या लेण्यांत फोटो काढूच नयेत, आणि बाहेर मोकळेपणाने काढावेत, ही वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते. बाहेर काढण्यासारखे पुष्कळ आहे: वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली लेण्यांची रांग, पावसाळ्यात सातकुंड धबधब्याकडून येणारे पाणी, लेणे क्रमांक १९ चा कोरीव दर्शनी भाग. गटातल्या एकाकडेच कॅमेरा द्यावा. साधा डिजिटल कॅमेरा घरात पडून असेल तर तो या सहलीत बाहेर काढावा. कॅमेऱ्याने फोटो निघतो आणि काम तिथेच संपते, तर फोनमध्ये फोटोमागोमाग तो पाठवणे, त्यावर आलेले उत्तर वाचणे आणि उत्तराला उत्तर देणे सुरू होते.

आपण इथे आलो होतो, याची खूण ठेवण्याची इच्छा जुनीच आहे. १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने या भागात आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी लेणे क्रमांक १० मध्ये शिरला आणि त्याने तिथल्या खांबावर आपले नाव व २८ एप्रिल ही तारीख कोरली. ते नाव आज आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच दिसते, कारण त्या वेळी आत राडारोडा साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. आपल्या नावाखाली बोधिसत्त्वाचे चित्र आहे याची त्याने पर्वा केली नाही. सेल्फीने भिंतीला ओरखडा जात नाही, हे खरे. पण चित्राकडे पाठ करून उभे राहिलेल्या माणसाला चित्र दिसत नाही, आणि त्याच्यामुळे मागच्या दहा जणांनाही दिसत नाही. सेल्फी घ्यायचीच असेल तर समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवर घ्यावी. स्मिथला लेण्यांची कमान जिथून प्रथम दिसली असे मानतात, ती जागा तीच, आणि तिथून सगळा चंद्राकार कडा एका नजरेत येतो.

वही आणि पेन्सिल

फोटोच्या जागी काय, या प्रश्नाचे माझे उत्तर वही हे आहे. अजिंठ्याला चित्रे उतरवून घेण्याची फार मोठी परंपरा आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी इथे राहून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या, आणि लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा केले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार इथे आले. जे. जे.च्या मुलांनी या अंधारात हंगामामागून हंगाम बसून एकेक रेषा उतरवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याला चित्रकला येत नसली तरी चालते. लेणे क्रमांक २ च्या छतावरची एक वेल, एक हंस किंवा एक कमळ निवडावे आणि बाहेर येऊन, कट्ट्यावर बसून, आठवून काढावे. वही वाकडीतिकडी भरली तरी त्याने काही बिघडत नाही. आठवून काढताना कळते की हंसाची मान कोणत्या बाजूला होती हे आपण पाहिलेच नव्हते. मग दुसऱ्या लेण्यात शिरताना नजर अधिक सावध असते. मुलांना प्रत्येकी एक वही आणि एक मऊ पेन्सिल द्यावी. आत गर्दीत वही उघडून अडथळा करू नये.

मुले, ज्येष्ठ आणि रिकामा वेळ

मुले कंटाळली की आपण त्यांच्या हातात फोन देतो, आणि त्या दिवशी त्यांना अजिंठा दिसत नाही. कंटाळा बहुधा तिसऱ्या-चौथ्या लेण्यानंतर येतो, म्हणून १ आणि २ पाहून झाल्यावर एक मोठी विश्रांती घ्यावी. खाऊ मात्र ठरवून दिलेल्या ठिकाणीच काढावा, कारण इथली माकडे हातातून पिशवी ओढतात. ज्येष्ठांना पायऱ्या झेपत नसतील तर डोली मिळते. त्यांना आधी नेऊन लेणे क्रमांक १ जवळ निवांत बसवावे आणि त्यांच्याजवळ गटातला चालू फोन द्यावा.

खरा कस लागतो तो मधल्या रिकाम्या वेळात. बसच्या रांगेत, पाण्यासाठी थांबल्यावर, सोबतचा माणूस मागे राहिल्यावर हात पिशवीकडे जातो. या क्षणांसाठी काही ठरवून ठेवलेले असावे. आम्ही एक साधा प्रघात ठेवतो: लेण्यातून बाहेर आले की प्रत्येकाने आपल्याला दिसलेली एक गोष्ट सांगायची, आणि ती आधी कोणी सांगितलेली नसावी. कोणाला नर्तकीच्या हातातले वाद्य दिसलेले असते, कोणाला दारावरची जोडपी. दुसऱ्याने पाहिलेले आपल्याला दिसले नव्हते असे कळले की तो माणूस परत आत जाऊन पाहून येतो.

लेणे क्रमांक २६ शेवटी पाहावे. तिथल्या डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचे, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाचे, शिल्प आहे: उशीवर हात ठेवून उजव्या कुशीवर निजलेला, सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध. खाली शोक करणारे शिष्य आहेत, वर आकाशातून आलेले दिव्य जन. हे शिल्प एका नजरेत मावत नाही. डोक्याकडून पायांपर्यंत चालत जाऊन आणि परत येऊन पाहावे लागते. फोटोसाठी मागे सरकायला तिथे फारशी जागा नाही, आणि मला वाटते ते बरेच आहे.

टी-पॉइंटला परतल्यावर फोन चालू करावा. घरी कबूल केल्याप्रमाणे फोन करावा, आलेले महत्त्वाचे संदेश पाहावेत, आणि रात्री एखादा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवावा. हा अर्धा तास ठरलेला असला की दिवसभर मनाला चुटपुट लागत नाही.

वेरूळचा दिवस

वेरूळला अडचण वेगळी आहे. तिथे अंधार कमी आणि आवाका प्रचंड आहे. चौतीस लेण्यांत १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. फोनची गरज इथे कैलास मंदिराचा भव्यपणा पकडण्यासाठी वाटते आणि तो फोनमध्ये कधीच येत नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर डोंगरात वरून खाली कोरत आणले. पायाकडून रचत जाण्याची रीत इथे उलटी आहे, म्हणून पाहतानाही आधी बाजूच्या डोंगरावर चढून शिखर वरून पाहावे आणि मग खाली अंगणात उतरावे. वरून पाहताना कोरणाऱ्यांनी आधी कोणता भाग मोकळा केला असेल याचा अंदाज येतो. अंगणात उतरल्यावर दक्षिण बाजूला, कैलास हलवणाऱ्या रावणाच्या शिल्पासमोर थांबावे. त्याच्या अनेक हातांची दिशा, वरची घाबरलेली पार्वती आणि निश्चिंत शंकर हे पाहायला घाईच्या फोटोपेक्षा बराच अधिक वेळ लागतो.

लेणे क्रमांक १० हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आहे. तिथे फोन तर नकोच, बोलणेही कमी असावे. वाटाड्याला विनंती करून त्याला तिथे एखादा स्वर लावायला सांगावा आणि तो दगडी बरगड्यांच्या छताखाली कसा घुमतो ते ऐकावे. हा आवाज फोनमध्ये ध्वनिमुद्रित करण्याचा मोह सर्वांनाच होतो. मुद्रण करताना लक्ष पडद्यावरच्या रेषेकडे लागते, म्हणून ते करू नये, असे मी सांगेन.

फोटो सहलीहून परत आल्यावर पाठवावेत. सहल चालू असताना स्टेटस टाकले की त्यावर आलेली उत्तरे पाहण्यात संध्याकाळ जाते, शिवाय घर बंद असल्याची बातमीही सगळीकडे पोहोचते. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत सगळ्यांनी एकत्र बसून, कॅमेऱ्यातले फोटो आणि वह्या समोर ठेवून, वीसेक फोटो निवडावेत, प्रत्येकाखाली लेण्याचा क्रमांक लिहावा आणि बाकीचे पुसून टाकावेत. जे नातेवाईक अजिंठ्याला जाणार असतील त्यांना त्या वीस फोटोंसोबत आपल्या वहीतली पानेही दाखवावीत; कुठे किती वेळ थांबायचे हे त्यांना त्यावरून ठरवता येते.